दातांनी ऐकणारे डाइट्झ

माझे सासरे लॅम्बर्ट डाइट्झ यांना लहानपणापासून कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नसे, आणि प्रुइट मोटर कंपनीत इंजिनांचा आवाज तपासणे हे त्यांचे काम होते. आमच्या ऑस्बोर्न मिल्समध्ये याचे कोणाला नवल वाटत नव्हते. गावातली अर्धी माणसे प्रुइटमध्ये कामाला होती आणि उरलेली अर्धी त्या माणसांना पाव, बूट आणि मांस विकत होती. डाइट्झ कसे ऐकतात हे सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेले होते.

त्यांच्या कानांचे नुकसान झाले ते चौथ्या वर्षी, अंगावर लाल पुरळ उठणाऱ्या तापात. ताप गेला, पण दोन्ही कान वर्षभर वाहत राहिले आणि पडदे उरले नाहीत. आतली नस मात्र शाबूत होती. हे त्या वेळी कोणाला माहीत नव्हते. मुलाने ते स्वतःच शोधून काढले, तेही चर्चमध्ये. ऑर्गन सुरू झाला की तो पुढच्या बाकाच्या पाठीत दात रुतवून बसे. आई त्याच्या डोक्यात टपली मारी आणि घरी गेल्यावर म्हणे, “देवाच्या घरात लाकूड खातोस? घरी काय उपाशी ठेवते मी तुला?” लाकडातून येणारे सूर थेट कवटीत उतरतात हे सांगायला त्याच्याजवळ तेव्हा शब्द नव्हते. मोठेपणीही ते फार हळू बोलत. स्वतःचा आवाज त्यांना आतून मोठा वाटे, आणि आपण ओरडतो आहोत या समजुतीने ते सतत संकोचलेले असत. समोरच्याचे ओठ वाचून त्यांचे बाकी सगळे चाले.

प्रुइट हे मुळात शेतगाड्या करणारे घराणे. १९०८ साली त्यांनी पहिली मोटार केली. दोन सिलिंडरांचे इंजिन बैठकीखाली बसवलेले. गाडी चालू झाली की बसणाऱ्याचे गाल हलत. आमच्याकडचे शेतकरी तिला मळणीयंत्र म्हणत आणि रस्त्यात दिसली की गव्हाची पोती कुठे ठेवू असे विचारत. १९१२ ची ‘फोर’ आल्यावर ही थट्टा थांबली. ती जड, चौकोनी, दिसायला ओबडधोबड गाडी होती, पण वसंतातल्या चिखलातून ती बाहेर पडे आणि इतर गाड्या तिथेच बसून राहत. महायुद्धानंतर ‘लाइट सिक्स’ आली. कंपनीचे नाव झाले ते हिच्यामुळे. आमच्या शेतावर माझ्या वडिलांनी एकच मोटार घेतली, ती हीच. पुढे तिच्यावरचा टप कोंबड्यांच्या खुराड्याला गेला आणि इंजिन विहिरीवर पाणी खेचत राहिले. शेवटी १९२८ साली ‘सॉव्हरिन एट’, आठ सिलिंडर एका रांगेत, नाक एवढे लांब की वळणावर गाडीचे तोंड आधी दिसे आणि चालवणारा बऱ्याच वेळाने. ती आमच्या गावात कोणालाच परवडणारी नव्हती. ती शिकागोला जाई.

डाइट्झ या गाड्यांविषयी बोलत ते असे नव्हे. फोर ही दाढांत वाजते, ते म्हणत. सिक्स पुढच्या दातांत, शिलाई यंत्रासारखी. आणि एट चांगली असेल तर वाजतच नाही. जिभेवर नुसते ऊन पडल्यासारखे वाटते.

ते चाचणीघरात कसे आले याची हकीकत साधी आहे. प्रत्येक नवे इंजिन लोखंडी घोडीवर बसवून गॅसवर चालवीत, आणि एका वेळी अशी वीसेक इंजिने बंद छपराखाली गरजत असत. तिथे झाडलोट करायला माणूस टिकेना. बहिरा माणूस टिकेल असा विचार करून मुकादम मॉट हॅगर्टी यांनी डाइट्झना घेतले. इंजिन तपासणाऱ्यांजवळ ॲशच्या लाकडाची हातभर लांब कांडी असे. तिचे एक टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचे, दुसरे कानाला, आणि आत कुठला भाग सैल आहे ते ऐकायचे. एका इंजिनातला ठोका हॅगर्टींना सापडेना. वैतागून त्यांनी कांडी खाली टाकली. डाइट्झनी केरसुणी बाजूला ठेवली, कांडी उचलली, विजारीला पुसली आणि दातांत धरली.

“अरे, चघळायची नाही ती!” हॅगर्टी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाले. “ऐकायची असते. जेवण बाराला.”

डाइट्झनी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे त्यांना हे कळले नाही. कांडी चार ठिकाणी फिरवून त्यांनी एका बेअरिंगवर बोट ठेवले. उघडून पाहिले तर तेच निघाले. त्या दिवसापासून केरसुणी दुसऱ्याकडे गेली. डोळे मिटण्याची सवय मात्र कायम राहिली. उजेड असला की आवाज पातळ होतो असे ते म्हणत. चाचणीघरातली पोरे रोज सकाळी त्यांच्यासमोर उभी राहून ओठ नीट हलवत विचारीत, “काय डाइट्झ, आज नाश्त्याला काय? क्रँकशाफ्ट की पिस्टन?” ते शांतपणे सांगत, “पिस्टन कालचे उरलेत. तुम्हांला देऊ?”

माझ्या सासूबाई ओटिली त्या वेळी चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. पहिल्या रांगेतला एक तरुण कठड्याला तोंड लावून बसतो, हे त्यांनी वाजवताना आरशात पाहिले होते. तो झोपतो असे त्यांना वाटे आणि रागही येई. चर्चच्या वनभोजनाला बटाट्याचे सॅलड वाढताना त्यांनी त्याला गाठून विचारले, “माझं वाजवणं इतकं वाईट आहे का?” त्याने खरे ते सांगितले. पुढच्या रविवारी तो कांडी घेऊन आला. प्रार्थना संपून माणसे पांगल्यावर मागच्या अंगणात ओटिलींनी कांडीचे एक टोक आपल्या हनुवटीला टेकवले, दुसरे त्याने दातांत धरले.

“आता येतंय का ऐकू?” त्यांनी विचारले.

तो बराच वेळ काही बोलला नाही. आईखेरीज कोणा बाईमाणसाचा आवाज त्याने ऐकला नव्हता, आणि आईचा ऐकून पंचवीसहून जास्त वर्षे झाली होती. मग कांडी काढून तो हळू आवाजात म्हणाला, “मला वाटलं होतं त्यापेक्षा जाड आहे आवाज तुझा.”

“आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठे आहेत दात तुझे,” त्या म्हणाल्या.

त्यांचे लग्न १९१३ साली झाले. घरात एक पायपेटी आली, तिच्याशेजारी खिळ्याला दुसरी कांडी टांगली गेली. रात्रीच्या जेवणानंतर भांडी आवरली की ओटिली गात आणि ते डोळे मिटून ऐकत. एरवीचे बोलणे ओठांवरून भागे. पण ज्याला आवाज लागतो असे काही असले, रागावणे, समजूत काढणे, मूल होणार आहे हे सांगणे, की कांडी खाली येई. मुलगी व्हर्ना, म्हणजे माझी पत्नी, लहान असताना शेजारच्या मुलांना विचारी, “तुमच्या घरी कांडी कुठे असते?” सगळ्या घरांत ती असते अशी तिची समजूत होती.

सॉव्हरिन एट आली तेव्हा सासरे सत्तेचाळीस वर्षांचे होते. इंजिन इतके मऊ चाले की कानाने तपासणाऱ्यांचे काम अवघड झाले, आणि कंपनीने ते इंजिन शक्यतो डाइट्झकडेच पाठवायचे असे ठरवले. त्यांच्या आयुष्यातला तो चांगला काळ होता. तो दीडदोन वर्षेच टिकला. १९३० च्या हिवाळ्यात त्यांची मनगटे सुजू लागली. बोटे वळेनात. कांडी दातांत घट्ट असली तरी हातातले टोक थरथरू लागले, आणि थरथरणारी कांडी स्वतःचाच आवाज करते.

त्याच हिवाळ्यात माणसे कमी करणे सुरू झाले होते. हॅगर्टी चांगले होते, पण त्यांच्याही वर माणसे होती. ते म्हणाले, “लॅम्बर्ट, हात बरा करून घे बाबा. कसाही कर. लंगड्या घोड्याला आता तबेल्यात जागा नाही.”

कंपनीचे डॉक्टर पीबल्स यांनी हात पाहिले, मग तोंड उघडायला लावले.

“दुखणं हातात नाहीच,” ते म्हणाले. “ते इथून येतंय. दातांच्या मुळाशी विष साचतं आणि रक्तातून सांध्यांत उतरतं. सगळे काढून टाकू या.”

“किडलेले दोनच आहेत, डॉक्टर.”

“दिसणारे दोन. सगळेच उपटायचे, एकदाच.”

आज हे वाचून कोणाला संताप येईल. त्या काळी मोठमोठ्या शहरांतले डॉक्टर हेच सांगत, आणि आमच्या गावाला तर ते पटायला वेळच लागला नाही. आमची माणसे भागांच्या हिशेबाने विचार करणारी होती. प्रुइटच्या प्रत्येक दुरुस्तीखान्यात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे: झिजण्याआधी बदला. बेअरिंग, पट्टा, झडप, जे कुरकुरेल ते काढायचे आणि नवे बसवायचे; नवे नेहमीच जुन्यापेक्षा चांगले असते, कारण ते मागाहून केलेले असते. त्या वर्षी ओतशाळेतल्या कितीतरी जणांनी धडधाकट दात काढून घेतले. कोणी पाठीसाठी, कोणी पोटासाठी. सणाला जमले की कवळ्या हातात घेऊन एकमेकांना दाखवीत आणि कोणाची या सालची, कोणाची गेल्या सालची, अशी थट्टा चाले.

सासऱ्यांनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली. “मी दातांनी ऐकतो. नव्यांनी येईल ना ऐकू?”

“दात तो दात,” डॉक्टर म्हणाले. “आणि चिनी मातीचे तर तुझ्या दातांहून कडक. उलट जास्त येईल.”

घरी येऊन त्यांनी ओटिलींना सगळे सांगितले. तिसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणानंतर त्यांनी स्वतःच कांडी खिळ्यावरून काढली आणि ओटिलींसमोर बसले. व्हर्ना तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती टेबल पुसत होती.

“तू सांग,” ते म्हणाले.

ओटिलींनी कांडी हनुवटीला लावली. “मी काय सांगू? रात्री हात उशीखाली दाबून झोपतोस तू. मला दिसत नाही का?”

“काम गेलं तर?”

“काम हातांमुळेच जाणार आहे. हात बरे झाले तर राहील. एवढे मोठे डॉक्टर सांगतायत. काढून टाक, लॅम्बर्ट.”

“आणि नाहीच ऐकू आलं तर?”

“न यायला काय झालं? हॅगर्टीच्या बायकोनं पण काढले सगळे. सफरचंद खाते ती सालासकट.” मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, “म्हातारा दिसशील थोडा. दिसू दे. आणि उद्या जाशीलच तिकडे, तर येताना व्हिनेगर आण. कोबी आंबवायची राहिलीय.”

त्यांनी मान हलवली आणि कांडी खिळ्याला अडकवली. ओटिलींच्या आवाजात त्यांनी ऐकलेले शेवटचे वाक्य ते. पुढे व्हर्नाने मला हे सांगितले तेव्हा तिने गाण्याचा उल्लेख केला नाही म्हणून मी विचारले, तर ती म्हणाली, “त्या दिवशी गाणं झालंच नाही. आईला पीठ मळायचं होतं उद्याच्या पावाचं.”

हिरड्या भरायला उन्हाळा उजाडला. कवळी आली. ती घालून ते पहिल्या दिवशी चाचणीघरात गेले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. घोडीवर एक एट चालू होते. त्यांनी कांडी दातांत धरली, डोळे मिटले, आणि लगेच उघडले. कवळी हिरडीवर थडथडत होती. कांडीतून जे येत होते ते तिच्याच खडखडाटात बुडत होते. त्यांनी कवळी काढून खिशात ठेवली आणि कांडी हिरडीवर दाबली. हिरडी मऊ. मग कपाळावर, मग कानामागच्या हाडावर. तिथे काहीतरी होते, भिंतीपलीकडे कोणी जड सामान सरकवावे तसे. ठोका, घासणे, झडपेची टकटक, ज्या बारीक गोष्टींसाठी त्यांना तिथे ठेवले होते, त्यांतले काही नव्हते. मनगटे तशीच सुजलेली होती.

तपासल्याचा ठसा मारून इंजिन पुढे ढकलणे त्यांना शक्य होते. चाळीसांतली अडतीस इंजिने तशीही चांगलीच असत. त्यांनी ठशाचे हत्यार हॅगर्टींच्या टेबलावर आणून ठेवले.

“हे कशाला?” हॅगर्टी म्हणाले. “जरा सवय होऊ दे रे. बूटसुद्धा चावतो आधी.”

“येत नाही ऐकू, मॉट.”

“महिनाभर थांब. मी बघतो तुझी इंजिनं. कोणाला कळतंय?”

“मला,” सासरे म्हणाले.

हॅगर्टींनी त्यांना सुट्या भागांच्या कोठारात जागा मिळवून दिली. तिथे ते खोकी उचलत, जमेल तशी. पण त्यांनाच काय, कोणालाच तिथे फार दिवस मिळायचे नव्हते. शिकागोचे लोक एट घेईनासे झाले होते. कंपनीने घाईघाईने एक स्वस्त सिक्स काढली, तिला जुनीच चौकट आणि तोंडाला नवी जाळी लावली; ती ना शेतकऱ्यांनी घेतली, ना शहरवाल्यांनी. १९३३ च्या वसंतात कारखाना बंद झाला. शेवटच्या दिवशी भोंगा वाफ संपेपर्यंत वाजत ठेवला होता. रस्त्यावरची माणसे टोप्या काढून उभी राहिली. सासऱ्यांनी ते पाहिले आणि स्वतःचीही टोपी काढली. का, ते त्यांनी शेजाऱ्याला नंतर विचारून घेतले.

घरी मात्र त्यांनी एक गोष्ट वेगळी केली. कवळी बसल्याच्या पहिल्याच संध्याकाळी ओटिलींनी भीत भीत कांडी पुढे केली होती. त्यांनी ती कवळीत धरली, डोळे मिटले, ओटिलींनी एक कडवे गायले, आणि ते म्हणाले, “येतंय. थोडं लांबून येतंय, पण येतंय.” चाचणीघरात त्यांनी जे केले नाही ते त्यांनी इथे केले. ‘काढून टाक’ असे ओटिली म्हणाल्या होत्या, आणि ते वाक्य त्यांच्यावर राहू नये एवढाच त्यात विचार होता. मग ते रोजचे झाले. त्या गात, ते डोळे मिटून मान हलवीत, आणि संपले असे वाटले की म्हणत, “छान झालं.”

चाचणीघरातले काम का सोडले, याचे कारण ते हात असे सांगत. ओटिलींनी पुढे काही विचारले नाही.

व्हर्ना सांगते ती संध्याकाळ तीनचार वर्षांनंतरची असावी. कारखान्याच्या छपराचे पत्रे तेव्हा विकले जात होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आई गात होती, वडील मान हलवत होते. मध्येच आईचा आवाज थांबला. ओठ मिटलेले होते. कांडी मात्र हनुवटीला तशीच टेकलेली होती. ती नवऱ्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत होती. ते मान हलवत राहिले, सावकाश, तालात. बऱ्याच वेळाने म्हणाले, “छान झालं.” ओटिलींनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटले आणि कांडी खिळ्याला लावली.

भांडी धुताना व्हर्ना म्हणाली, “आई, त्यांना काहीच ऐकू येत नाही.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. ज्याला ऐकू येतं तो लगेच सांगत नाही. अंगणात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो गप्प बसला होता.”

“मग गातेस कशाला?”

ओटिलींनी ताटली पुसून फळीवर ठेवली. “तो माझ्यासाठी ऐकतो. मी नाही गायले तर बिचाऱ्यानं करायचं काय?”

त्या १९४४ साली गेल्या. त्यांना पोचवून आल्यावर शेजाऱ्यांनी आणलेले जेवण टेबलावर निवत पडले होते आणि आम्ही तिघेच घरात होतो. सासरे पायपेटीजवळच्या खुर्चीवर बसले. त्यांनी व्हर्नाला समोर बसायची खूण केली, म्हणजे तिचे ओठ दिसतील.

“ती काय गायची गं?” त्यांनी विचारले.

व्हर्नाने एकेक गाणे सांगितले. चर्चमधली बहुतेक, एक आजोळच्या जर्मनमधले, बदकांचे, एकदोन रेडिओवरची. ती सांगत असताना ते प्रत्येक नाव स्वतःशी हळूच म्हणून पाहत होते. 

“तिला कधी कळलं का,” ते म्हणाले, “मला येत नव्हतं ते?”

व्हर्नाने माझ्याकडे पाहिले नाही. ती पुढे वाकली आणि एकेक शब्द स्पष्ट करत म्हणाली, “नाही, पपा. शेवटपर्यंत नाही कळलं.”

“बरं झालं,” ते म्हणाले. एवढ्या हळू की मला ते तिच्याकडून नंतर विचारून घ्यावे लागले.